नळीसरांचा रिव्हर्स गिअर

सरांच्या फियाटला रिव्हर्स गिअर होता, पण तो सरांनी टाकलेला मी कधी पाहिला नाही. कॉलेजच्या आवारात त्यांची गाडी नेहमी तोंड फाटकाकडे करून उभी असे. त्यासाठी ते आधी मैदानाला पुरा वळसा घालत, मग तिथे कबड्डी चालू असो की आणखी काही. रंकाळ्यावर भेळेची गाडी मागे राहून गेली, तर अख्ख्या तळ्याला चक्कर मारून पुन्हा तिथे येत. आणि एखाद्या बोळात समोरून उसाची ट्रॉली आलीच, तर इंजिन बंद करून स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहत. मग बाकीच्यांनी उतरून गाडी मागे ढकलायची.

"मी मागं घेणार न्हाय," काच खाली करून ते सांगत. "तुम्ही ढकलताय, ते तुमचं तुम्ही बघा."

मीही ढकलली आहे. इरकल नेसून.

परवा तुम्ही दोघांनी शाळेच्या प्रोजेक्टसाठी तो परागनलिकेचा व्हिडिओ पाठवलात आणि विचारलंत, "आजी, तू हेच शिकवायचीस ना?" हो, हेच. पण ज्या माणसाच्या हाताखाली शिकवायचे, त्याच्याबद्दल मी तुमच्याशी कधी बोलले नाही. चांगलं बोलावं असं फारसं सापडत नाही. आणि वाईट बोलायचं, तर तेही नीट मांडून बोलावं, अशी माझी सवय. फोनवर ते जमत नाही, म्हणून लिहिते आहे.

सर आमच्या वनस्पतिशास्त्र विभागाचे प्रमुख होते. नव्वदच्या दशकात विभागात त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द होता. पहिला आणि मधलाही त्यांचाच असायचा. मुलं त्यांना 'नळीसर' म्हणत. कोल्हापुरात नळी म्हटलं की रश्श्यातलं हाड आठवतं, आणि सर पक्के शाकाहारी, त्यामुळे या नावाची गोडी मुलांना कधी कमी झाली नाही. प्रॅक्टिकलला मागच्या बाकावरून हमखास आवाज यायचा, "सर, आज नळी हाय काय?"

"हाय की," सर सूक्ष्मदर्शकातून डोकं न काढता म्हणत. "पण मघाशीच फुटली."

वर्ग का हसतोय, हे त्यांना निवृत्त होईपर्यंत कळलं नाही.

मुलांना ते नावानं नव्हे, गावानं हाक मारत. "ए आजरा, काच पूस." "शिरोळ, तू माझ्या गावचा, तू पुढं बस." मी कॉन्व्हेंटात शिकलेली, म्हणून मी 'इंग्लिश मीडियम'. "काय इंग्लिश मीडियम, चहा घेणार काय?" मी चहा घेत असे. उत्तर देत नसे.

आता तुमच्या व्हिडिओतली ती नळी. परागकण फुलाच्या स्त्रीकेसराच्या टोकावर पडतो आणि बीजांड असतं खाली, आत. कणाला पाय नाहीत. म्हणून तो स्वतःतून एक बारीक नळी काढतो. ती वाढत वाढत बीजांडापर्यंत जाते आणि तिच्यातून नरपेशी पोचवल्या जातात. तुमच्या आईला मी आजऱ्याचा घनसाळ तांदूळ पाठवते ना? त्यातल्या प्रत्येक दाण्यामागे अशी एक नळी आहे. ती पोचली नाही, तर दाणा भरत नाही.

ही नळी फक्त टोकाशी वाढते. भिंतीचं सामान मागे तयार होतं, सूक्ष्म पिशव्यांत भरलं जातं, आणि नळीभर ताणलेल्या प्रथिनांच्या दोऱ्यांवरून त्या पिशव्या पुढे ओढल्या जातात. टोकाशी पोचलेली पिशवी तिथल्या पापुद्र्याला चिकटून उघडते. आतल्या सामानाची भिंत होते आणि पिशवीचं आवरण नळीच्या पापुद्र्यात मिसळून जातं. मात्र सामान पुरेसं पोचवायचं, तर आवरण गरजेपेक्षा जास्त येऊन पडतं. ते जास्तीचं आवरण नळी परत आत ओढून घेते आणि मागे धाडते. कडेकडेनं पुढे, मधून मागे, असा हा प्रवाह सतत चालू असतो. पिशव्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांच्याबरोबर वाहणारे मोठे कण साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसतात. पुढे जाताना दिसतात, तसे मागे येतानाही.

सरांना यातलं फक्त पुढे जाणं मान्य होतं.

"परागनळी आणि मर्द मागं बघत न्हाईत," हे त्यांचं दर वर्षीचं पहिलं वाक्य. वर्गात अर्ध्याहून अधिक मुली असत. मुली ते वहीत लिहून घेत. मागे येणारे कण कुणी दाखवलेच, तर सर डोळा लावत आणि निकाल देत, "ही नळी आजारी हाय. फेका." अशा किती निरोगी नळ्या त्यांनी मोरीत ओतायला लावल्या असतील! परतीचा प्रवाह पुस्तकात होता, जगाला ठाऊक होता. पुस्तक सरांच्याच कपाटात होतं, आणि कपाटाची किल्ली सरांकडे होती.

दोऱ्यांचंही तेच. या दोऱ्यांच्या जाळ्याला पुस्तकात पेशीचा सांगाडा म्हणतात. मग सरांनी एकदा प्राणिशास्त्र विभागातून माणसाचा खराखुरा सांगाडा उचलून आणला, खुंटीला टांगला आणि म्हणाले, "हा माणसाचा. तसाच पेशीचा. झालं."

मागून एक मुलगी उठली. "सर, पण हा जागचा हालत न्हाय. पेशीतला तर सारखा पुढं बांधला जातो आणि मागं सुटतो. सांगाडा कसला, मांडव हाय त्यो."

"मांडव?" सर म्हणाले. "का गं नेसरी, लगीन ठरलंय काय तुझं?"

वर्ग खिदळला. मुलगी खाली बसली नाही. "माझं न्हाय सर, पेशीचं," ती म्हणाली. तेव्हा वर्ग पुन्हा हसला, आणि या खेपेला सर हसले नाहीत.

ती सुजाता. बुद्धाला खीर देणाऱ्या सुजातेवरून वडिलांनी नाव ठेवलेलं. वडील नेसरीत प्राथमिक शाळेत शिक्षक होते. एम.एस्सी. करून ती पीएच.डी.साठी आमच्याच विभागात आली आणि विषय निवडला तेरड्याची परागनळी. मार्गदर्शक म्हणून सर. दुसरं कोणी नव्हतं. मला तेव्हा मार्गदर्शनाची मान्यता नव्हती, आणि ती मिळू नये यासाठी सरांनी जे केलं ते वेगळं सांगत नाही.

सरांचं एक कौतुक करते आणि मोकळी होते. तेरडा त्यांनी स्वतः लावला होता, विभागाच्या मागच्या भिंतीलगत. पावसाळ्यात सकाळी जेवणाच्या डब्याच्या झाकणात फुलं घेऊन ते प्रयोगशाळेत येत. कणातून नळी बाहेर पडू लागली की खुर्चीवरून उठून ओरडत, "निघाली! निघाली बघा!" त्या आवाजानं शिपायापासून ग्रंथपालापर्यंत सगळे धावत. तेवढ्यापुरता तो माणूस बरा होता. लगेच मग ते गुळावर येत.

प्रयोगशाळेत परागकण रुजवायला साखरेचं पाणी लागतं, त्यात थोडं बोरिक ॲसिड. सर साखर वापरू देत नसत. त्यांच्या घरचं शिरोळकडे गुऱ्हाळ होतं. "कोल्हापूरच्या फुलाला कोल्हापूरचाच गूळ," असा नियम. फॉर्मॅलिनच्या बरण्यांशेजारी गुळाची ढेप ठेवलेली, आणि तिथपासून सूक्ष्मदर्शकापर्यंत मुंग्यांची रांग. बोरिक ॲसिड म्हणून जिमखान्यातली कॅरमची पावडर. या मिश्रणात तेरड्याच्या नळ्या खरोखर साध्या साखरेपेक्षा लांब वाढत. त्यावरून सरांनी जाहीर केलं होतं की त्यांच्या गुळात जगाला अज्ञात असा वाढीचा घटक आहे. त्याला त्यांनी आपल्या आजोबांचं नावही देऊन टाकलं होतं.

सुजातानं वर्षभर गूळ मुकाट्यानं वापरला. मग एके दिवशी माझ्या टेबलाशी येऊन विचारलं, "मॅडम, गुऱ्हाळात रस साफ करायला काय घालतात?"

"भेंडीचा चिकट रस," मी म्हणाले. "आणि चुन्याची निवळी."

चुना पाण्यात कालवून ठेवला की गाळ खाली बसतो, वर नितळ पाणी येतं. ती निवळी. सुजाता माझ्याकडे बघत राहिली आणि मी तिच्याकडे. चुना म्हणजे कॅल्शियम. पिशव्या टोकाशी कुठे उघडायच्या, दोऱ्या कुठे सोडायच्या, हे ठरतं टोकाजवळच्या कॅल्शियमवरून. आजोबांच्या नावाचा तो अज्ञात घटक कोपऱ्यावरच्या पानपट्टीवर मिळत होता.

तिनं पानाचा चुना आणला, निवळी केली आणि साखरेच्या पाण्यात जरा जरा घालून पाहिली. नळ्या गुळातल्यापेक्षा सरस वाढल्या. पण तिचं खरं काम पुढे होतं. चुना बेताबाहेर झाला, की आधी परतीचा प्रवाह अडखळतो. पुढे जाणारे कण मात्र जातच राहतात. टोकाशी गर्दी होते, टोक फुगतं, आणि मग वाढ थांबते. म्हणजे आधी मागे येणं थांबतं, आणि त्यापायी पुढे जाणं. हे तिनं पुन:पुन्हा पाहिलं, रेखाटलं आणि प्रबंधात त्याचं एक प्रकरण केलं. मी ते वाचलं तेव्हा मला हेवा वाटला, असं सांगितलं तर तुम्हाला त्याची किंमत कळेल.

सरांनीही वाचलं. प्रबंध टेबलावर आपटून म्हणाले, "चुन्याचं काढ. गुळातला घटक लिही. आणि हे आजारी नळ्यांचं प्रकरण काय म्हणून? मागं येणाऱ्या नळीवर मी सही करत नसतोय."

"सर, ती आजारी न्हाय."

"मी सांगतोय म्हणजे आजारी हाय."

प्रश्न नुसत्या सहीचा नव्हता. आजऱ्याच्या कॉलेजात एक जागा निघाली होती. सुजाताची निवड झाली होती, पण प्रबंध जमा झाल्याखेरीज नेमणूक पक्की होणार नव्हती, आणि मार्गदर्शकाच्या सहीशिवाय प्रबंध जमा होत नाही. दारात पोचलेल्या मुलीसमोर एक माणूस आपला गूळ घेऊन आडवा बसला होता.

त्याच सुमाराला सरांनी धारवाडहून एक ज्येष्ठ तज्ज्ञ बाई बोलावल्या होत्या, गुळाचा चमत्कार दाखवायला. काचा तयार करायचं काम अर्थात सुजाताकडे. तिनं तीन काचा केल्या: एक सरांच्या गुळाची, एक नुसत्या साखरेची, एक साखर आणि निवळीची. गूळ गाळून घेतलेला, आणि थेंबभर पाण्याला रंग तो कसला दिसणार?

धारवाडच्या बाईंनी चष्मा पुसत म्हटलं, "सर, कुठली काच कुठली ते झाकून ठेवू या काय हो? उगीच मनाचा खेळ नको."

"झाका की!" सर म्हणाले. "माझा गूळ मला झोपेत बी कळतोय."

सुजातानं काचांवर फक्त अ, ब, क लिहिलं. सरांनी एकेका काचेला डोळा लावला. 'अ' ला म्हणाले, "ही साखर. बघा बाई, साखरेत पोरगं कसं खुरटतंय." 'ब' ला म्हणाले, "ही बी साखरच." आणि 'क' ला डोळा लावताच खुर्चीवरून उठले. "हा! हा आमचा शिरोळचा गूळ! निघाली बघा कशी, मर्दासारखी!"

सुजातानं कागद बाईंपुढे ठेवला. त्यांनी वाचला आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "हा चुना हो, सर. आणि पहिली काच तुमच्या गुळाची."

सरांनी ज्या गुळाला आजोबांचं नाव दिलं होतं, त्याच्याच तोंडावर त्याला खुरटा म्हटलं होतं. मला वाटलं, आता तरी. एवढं झाल्यावर कुठलाही माणूस म्हणेल, चुकलो.

सर खाली बसले. रुमालानं मान पुसली. आणि म्हणाले, "बरोबर. चुनाच. आमच्या गुऱ्हाळात रसात चुन्याची निवळी कोण घालत होतं? माझा आज्जा! म्हणजे शोध कुणाचा झाला?"

बाईंनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला.

त्याच आठवड्यात सरांनी चुन्याच्या प्रकरणावर मोठ्या खुशीत होकार दिला. शीर्षकात 'गूळ' घालायला लावला आणि चुन्यावरचा लेख पहिलं नाव स्वतःचं टाकून छापायला पाठवला. परतीच्या प्रवाहाचं प्रकरण मात्र त्यांनी प्रबंधातून उसवून काढलं. शब्दशः. सुजाताच्या देखत दोरा कापून पानं वेगळी केली. "एवढं सोड," म्हणाले, "मग सही."

तिनं सोडलं. आजऱ्याची जागा थांबणार नव्हती. मी धारवाडच्या बाईंना लिहिते, कुलगुरूंकडे जाते, असं सगळं म्हणाले. ती म्हणाली, "नको मॅडम. मला शिकवायला जायचंय, भांडायला न्हाय." फाटकापर्यंत आम्ही बरोबर चाललो. तिथे ती एकाएकी हसायला लागली. "चुना मी लावला, मॅडम," ती म्हणाली, "आणि लागला बी मलाच."

मी हसले नाही. अजूनही मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

पुढची वर्षं तुम्हाला माहीत आहेत. तुमची आई तिकडे गेली, तुम्ही झालात, मी निवृत्त झाले. सर माझ्या आधी झाले. निरोपाच्या भाषणात त्यांनी आपली एकही चूक आठवत नसल्याचं सांगितलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सुजाता आजऱ्यात विभागप्रमुख झाली. दोन हजार सालानंतर केव्हातरी तिच्या कॉलेजला पडद्यावर चित्र दाखवणारा नवा सूक्ष्मदर्शक मिळाला. उद्घाटनाला तिनं सरांना बोलावलं आणि मला. सरांना का, असं मी फोनवर विचारलं. ती म्हणाली, "गुरू हायत मॅडम. आणि त्यांनी बघावं असं वाटतंय." सर त्याच फियाटमधून निघाले आणि मलाही त्यांनी बरोबर घेतलं. वाटेत उत्तूरचं वळण चुकलं. परत फिरण्याऐवजी त्यांनी मला कुठून कुठून फिरवलं, ते मी आजही नकाशावर दाखवू शकत नाही.

सुजातानं आधी परदेशातल्या एका प्रयोगशाळेनं पाठवलेली सीडी लावली. त्यात नळीच्या पापुद्र्यालाच चमकणारा रंग चढवला होता. अंधाऱ्या खोलीत नळीचं टोक उजळलं. मग तो उजेड बाहेरून आत शिरू लागला, टोकामागे साठला आणि मधल्या वाटेनं मागे वाहू लागला. वाहत राहिला, आणि टोक पुढे सरकत राहिलं.

सर पुढच्या रांगेत होते. पुढे वाकून पडद्याकडे बघत राहिले. मग विचारलं, "आजारी हाय काय गं ही?"

"न्हाय सर," सुजाता म्हणाली. "एकदम ठणठणीत हाय. मागं घेतल्याबिगर तिला पुढं जाताच येत न्हाय."

तिचा आवाज शांत होता, पण टेबलाची कड तिनं घट्ट धरलेली मला दिसत होती. तिनं त्यांना कशासाठी बोलावलं होतं, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. माफी तिला नको होती. 'व्हय, बरोबर होतं तुझं,' एवढंच हवं होतं, आपल्या विद्यार्थ्यांच्या देखत.

सर उठले. पडद्याकडे हात करून मुलांना म्हणाले, "बघा! हेच मी पहिल्यापासनं सांगत आलोय." आणि सुजाताकडे वळले. "तू यावर एक प्रकरण लिहिलं होतंस न्हवं? छापलं का न्हाईस मग?"

"तुम्ही काढायला लावलं की, सर."

"मी? मी कशाला काढायला लावीन?" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. त्या चेहऱ्यात खोटेपणा नव्हता, आणि मला तेच सर्वांत किळसवाणं वाटलं. त्या माणसात मागे येणारं काही शिल्लकच नव्हतं.

सुजातानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग कपाट उघडून ती कापलेली पानं काढली. तिनं ती जपून ठेवली होती, दोऱ्याची भोकंही तशीच. ती त्यांना दाखवली नाही. पहिल्या बाकावरच्या मुलीच्या हातात देत म्हणाली, "हे वाच. उद्यापासनं आपण इथनं पुढं करायचं."

चहा झाला. सर निघाले. यायच्या वेळी त्यांना वळसा घालायला मैदान सापडलं नव्हतं, त्यामुळे गाडीचं नाक कॉलेजच्या कुंपणाच्या भिंतीला टेकलेलं होतं. ते आत बसले, इंजिन चालू केलं, बंद केलं, आणि स्टिअरिंगवर हात ठेवून समोरच्या भिंतीकडे पाहत राहिले.

मुलांना काही कळेना. एकानं जाऊन काचेवर टकटक केलं. "सर, रिव्हर्स घ्या की."

"मी मागं घेत नसतोय," आतून उत्तर आलं.

"जाऊ दे रे," सुजाता म्हणाली. पदर खोचला आणि बॉनेटवर हात टेकले. "या सगळ्यांनी. ढकलूया."

मुलं हसत हसत पुढे झाली. मी पायरीवरच उभी राहिले. मला कोल्हापूरला एस.टी.नं जायचं होतं. आठ-दहा हातांनी रेटलं तशी फियाट भिंतीपासून सुटली आणि मागे मागे येऊ लागली. सर आत ताठ बसले होते, नजर समोर. काच खाली करून ते मुलांना सांगत होते, "हां, चला! पुढं, पुढं!"